चेहऱ्याची बाजू, मेंदूची बाजू

नमस्कार. व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातोय : 'चेहरा थोडा वाकडा असला तर पुढे फिट येतात का हो?' उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवं होतं त्यांना पुढचं निवांत ऐकता येईल. नाही. चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसल्या म्हणून अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, होत नाही, आणि नुसता चेहरा बघून अपस्माराचं निदानही करता येत नाही. दोन्ही बाजू तंतोतंत जुळणारा चेहरा कुणालाच मिळालेला नाही. एक भुवई किंचित वर असते, एका डोळ्याची फट लहान असते, हनुवटी केसभर सरकलेली असते. रोज आरशात बघून आपल्याला त्याची सवय होते. मग कुणीतरी काढलेल्या फोटोत बाजू उलट्या होतात आणि आपलाच चेहरा आपल्याला खटकतो.

तरीही या विषयावर तासभर बोलण्यासारखं आहे. अपस्मार असलेल्या काही जणांमध्ये चेहऱ्यातला फरक आणि फिट या दोन्ही गोष्टी मेंदूतल्या एकाच ठिकाणाहून आलेल्या असतात. तिथे चेहरा आम्हाला सांगतो की मेंदूची कोणती बाजू तपासायची. यातली गंमत अशी, की काही वेळा तो विरुद्ध बाजू दाखवतो आणि काही वेळा तीच. उजवीकडचा चेहरा वेगळा दिसतो तेव्हा बिघाड कधी डाव्या मेंदूत सापडतो, तर कधी उजव्या. असं का होतं, हे कळलं की आजचा निम्मा विषय कळला.

आधी स्नायूंचं बघू. मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागातून निघालेले हालचालींचे आदेश खाली उतरताना बाजू बदलतात आणि शरीराच्या उजव्या अर्ध्याला हलवतात. चेहऱ्यालाही हा नियम लागू आहे, पण अर्धवट. ओठ आणि गालाच्या स्नायूंना मुख्यतः विरुद्ध बाजूच्या मेंदूकडून आदेश येतात, तर कपाळाच्या स्नायूंना दोन्हीकडून. त्यामुळे मेंदूच्या एका बाजूला इजा झाली तर विरुद्ध बाजूचा ओठाचा कोपरा ढिला पडतो, पण कपाळाला आठ्या घालता येतात. बेल्स पाल्सीमध्ये चेहऱ्याची एक बाजू कपाळापासून हनुवटीपर्यंत निकामी होते आणि डोळाही मिटत नाही, कारण तिथे मेंदूबाहेर आलेली चेहऱ्याची नसच बिघडलेली असते. बेल्स पाल्सी झालेल्यांनी अपस्माराची धास्ती घेऊ नये. दोघांचा काही संबंध नाही.

विल्डर पेनफिल्ड आणि एडविन बोल्ड्री यांनी 1937 मध्ये मेंदूच्या पृष्ठभागाचा नकाशा प्रसिद्ध केला. जाग्या रुग्णांवर शस्त्रक्रिया चालू असताना विजेचा सौम्य प्रवाह देऊन कुठे काय हलतं, ते त्यांनी नोंदवलं होतं. त्या नकाशात ओठ, जीभ आणि हाताचा पंजा यांनी अडवलेली जागा बघून आजही विद्यार्थी चकित होतात. पाठ आणि पोट मिळून जेवढी जागा घेतात, त्याहून कितीतरी जास्त जागा चेहऱ्याची असते. साहजिकच मेंदूतल्या हालचाली घडवणाऱ्या या पट्ट्यात फिट सुरू झाली, तर ती चेहऱ्यावर दिसण्याची शक्यता बरीच. हा नकाशा नव्हता, तेव्हाच ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज वैद्याने एकोणिसाव्या शतकात नुसतं निरीक्षण करून ठेवलं होतं, की एका बाजूच्या फिट बहुतेकदा अंगठ्यापासून, तोंडाच्या कोपऱ्यापासून किंवा पायाच्या अंगठ्यापासून सुरू होतात. त्यावरून त्याने मेंदूत प्रत्येक अवयवाची जागा ठरलेली असली पाहिजे, असा अंदाज बांधला. रुग्णाच्या उशाशी बसून बघत राहण्याची ताकद काय असते, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

फिट चालू असताना चेहरा एका बाजूला ओढला जाणं ही तशी नेहमी दिसणारी गोष्ट आहे. लहान मुलांच्या रोलँडिक अपस्मारात मूल झोपेत असताना किंवा नुकतंच जागं होताना तोंडाचा एक कोपरा उडायला लागतो, लाळ गळते, घशातून घरघर येते. मूल बऱ्याचदा शुद्धीवर असतं, सगळं समजत असतं, पण बोलता येत नाही. आईवडिलांसाठी ती मिनिटं फार वाईट असतात, पण हा अपस्मार स्वभावाने सौम्य आहे. मूल वयात येईपर्यंत, सहसा सोळाव्या वर्षाच्या आत, तो आपोआप थांबतो.

मोठ्या वयातला एक प्रकार मात्र हटकून लक्षात ठेवावा असा. एका बाजूचा चेहरा आणि त्याच बाजूचा हात जेमतेम दोन-तीन सेकंद आवळला जातो आणि सुटतो. दिवसातून अनेकदा, काही जणांना पन्नास वेळाही. घरच्यांना वाटतं मानसिक ताण आहे, नाहीतर सवय लागली आहे. हे शरीराच्या प्रतिकारशक्तीने मेंदूतल्या एलजीआय1 या प्रथिनाशी निगडित यंत्रणेवर केलेल्या हल्ल्याचं लक्षण असतं. 2011 मध्ये या झटक्यांचं नीट वर्णन झालं. अपस्माराच्या नेहमीच्या गोळ्यांना ते फारसे दाद देत नाहीत. स्टिरॉइडसारख्या, प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या उपचारांना मात्र चांगली दाद देतात. हे ओळखायला उशीर झाला तर पुढे स्मरणशक्ती ढासळू शकते, म्हणून यावर थोडा जास्त वेळ घेतला.

फिट थांबल्यावरही चेहरा काही काळ एका बाजूला उतरलेला राहू शकतो. रॉबर्ट बेंटले टॉड यांनी 1849 मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्याला टॉडचा पक्षाघात म्हणतात. तो काही मिनिटांपासून सुमारे 36 तासांपर्यंत टिकू शकतो आणि मग पूर्ण जातो. पण इथे एक गोष्ट बजावून सांगतो. पहिल्यांदाच चेहरा वाकडा झाला असेल, तर 'फिटनंतरचं आहे, उतरेल' म्हणत घरी बसू नका. मेंदूतल्या पक्षाघाताची सुरुवातही अगदी अशीच दिसते, कधीकधी तर त्या पक्षाघातामुळेच फिट येते. दोघांमधला फरक रुग्णालयात ठरवायचा असतो, आणि तोही तातडीने.

आता मी ज्यासाठी हा विषय निवडला तिकडे येतो. अपस्माराच्या रुग्णाला मी 'दात दाखवा' असं सांगतो. तो दाखवतो, आणि दोन्ही बाजू व्यवस्थित हलतात. मग गप्पांच्या ओघात काहीतरी विनोद होतो, तो मनापासून हसतो आणि त्याच क्षणी ओठाचा एक कोपरा दुसऱ्याच्या मागे राहतो. म्हणजे स्नायू धडधाकट आहे, नसही ठीक आहे, हुकमावरून हलतोही. मग हसू आल्यावर का मागे पडतो?

कारण हुकमाचं हसू आणि खरं हसू मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी येतात. पहिलं हालचालींच्या पट्ट्यातून थेट खाली उतरतं. दुसऱ्याची वाट भावनांशी संबंधित भागांतून, मेंदूच्या आतल्या घड्यांमधून आणि थॅलॅमससारख्या खोलवरच्या केंद्रांमधून जाते. एक वाट बिघडून दुसरी शाबूत राहू शकते, हे नॉर्वेच्या मॉनराड-क्रोन यांनी 1924 मध्येच लिहून ठेवलं होतं. पक्षाघाताच्या काही रुग्णांमध्ये याच्या बरोबर उलट दिसतं : सांगितलं तर तोंड वाकडं होतं आणि हसू आलं की चेहरा सरळ.

मॉन्ट्रियलच्या न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये रेमिलार्ड, अँडरमन आणि सहकाऱ्यांनी टेम्पोरल लोबमधून, म्हणजे कानाजवळच्या मेंदूच्या भागातून, फिट सुरू होणाऱ्या रुग्णांचे चेहरे बारकाईने पाहिले आणि 1977 मध्ये मांडलं, की चेहऱ्याच्या खालच्या भागातला हा सूक्ष्म कमकुवतपणा बहुतेकदा फिटच्या उगमाच्या विरुद्ध बाजूला असतो. पुढे 2003 मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतल्या डॉक्टरांनी खास भावनिक हसण्यातल्या फरकाचा अभ्यास केला, आणि उगमाची बाजू ठरवायला त्याचा उपयोग होतो असं दाखवलं.

बाजू ठरवण्याचं एवढं कौतुक कशाला? अपस्माराच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांमध्ये औषधांनी फिट पूर्ण थांबत नाहीत. त्यातल्या टेम्पोरल लोबच्या अपस्मारात शस्त्रक्रिया हा खरा पर्याय आहे. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका चाचणीत 80 रुग्ण होते. वर्षभराने शस्त्रक्रियेच्या गटातले 58 टक्के, शुद्ध हरपवणाऱ्या फिट्सपासून मुक्त होते, तर औषधांच्या गटातले फक्त 8 टक्के. पण शस्त्रक्रिया करायची तर मेंदूची बाजू चुकून चालणार नाही. आज एमआरआय आहे, दिवसरात्र चालणारं व्हिडिओ ईईजी, म्हणजे चित्रणासोबत मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद, आहे. मागे राहणाऱ्या ओठाच्या भरवशावर कुणी कवटी उघडत नाही आणि उघडूही नये. पण सगळे पुरावे डावीकडे बोट दाखवत असताना चेहऱ्याचा डावा कोपरा मागे पडत असेल, म्हणजे चेहरा उजव्या मेंदूकडे इशारा करत असेल, तर मी फाइल पुन्हा उघडतो. मला वाटतं तरुण डॉक्टरांनी ही सवय लावून घ्यावी. तिला खर्च काहीच नाही, रुग्णाला हसवावं मात्र लागतं. ते काहींना जमत नाही, ही वेगळी अडचण.

इथपर्यंत सगळं विरुद्ध बाजूचं झालं. आता तीच बाजू.

काही मुलं कपाळावर आणि पापणीवर लाल-जांभळा, सपाट डाग घेऊन जन्माला येतात. चेहऱ्याच्या मध्यरेषेजवळ तो बहुधा थांबतो, कुणीतरी पट्टीने आखल्यासारखा. यातल्या काही मुलांमध्ये मेंदूच्या आवरणातही, त्याच बाजूला, अशाच अनावश्यक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. विल्यम ॲलन स्टर्ज यांनी 1879 मध्ये अशा मुलीचं वर्णन केलं आणि डागाचा व फिटचा संबंध असणार असं म्हटलं. पुढे पार्क्स वेबर यांनी क्ष-किरण चित्रांतून मेंदूतला बदल दाखवला. म्हणून नाव स्टर्ज-वेबर सिंड्रोम. वाढत्या वयात डागाखालचा गाल, ओठ, कधी जबड्याचं हाडही जाड होत जातं आणि चेहरा स्पष्टपणे असमान दिसू लागतो. मेंदूत जाळं असलेल्या बहुसंख्य मुलांना फिट येतात, आणि त्या बऱ्याचदा पहिल्या वर्षातच सुरू होतात.

2013 मध्ये याचं कारण सापडलं : जीएनएक्यू नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल. हा बदल आईकडून किंवा वडिलांकडून येत नाही. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीत तो घडतो आणि त्या पेशीच्या वंशातल्या पेशींपुरता राहतो. म्हणून या आईवडिलांना मी पहिल्या भेटीतच सांगतो की तुमच्या कुळात दोष शोधू नका, गरोदरपणात काय खाल्लं-प्यायलं तेही उकरू नका.

डाग आणि बिघाड एकाच बाजूला का, हे आता सोपं होतं. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत चेहऱ्याच्या वरच्या भागाची त्वचा ज्या पेशींपासून होते, त्या पुढे मेंदू होणार असलेल्या नळीला अगदी चिकटून असतात. बाजू बदलण्याचा प्रकार फक्त नसांच्या तारांचा आहे. त्वचा, चरबी, हाड, रक्तवाहिन्या हे सगळे जिथल्या तिथे वाढतात. स्टर्ज-वेबर असलेल्या एकाच मुलात हे दोन्ही नियम शेजारीशेजारी बघायला मिळतात. डाग उजव्या कपाळावर, बिघाड उजव्या मेंदूत, आणि फिट येते ती डाव्या हातापायात. कालांतराने कमजोरीही डावीकडेच येते. पालक गोंधळून विचारतात, 'डाग इकडे आणि हात तिकडचा कसा?' डाग ऊतींच्या नियमाने चालतो, हात तारांच्या.

यात एक दिलासाही आहे. चेहऱ्यावर असा डाग असलेल्या बहुतेक मुलांना हा सिंड्रोम नसतो. डाग फक्त गालावर किंवा हनुवटीवर असेल तर मेंदूचा धोका कमी. कपाळ आणि वरची पापणी यात येत असेल तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ दोघांनाही दाखवावं, कारण त्या बाजूच्या डोळ्यात काचबिंदूही होऊ शकतो. तो लहानपणी झाला तर मूल तक्रार करू शकत नाही.

दुसरा आजार हळू चालतो. पॅरी यांनी 1825 मध्ये आणि रोम्बर्ग यांनी 1846 मध्ये वर्णन केलेल्या या आजारात शाळकरी वयात किंवा त्याच्या आसपास चेहऱ्याची एक बाजू बारीक व्हायला लागते. आधी त्वचा आणि तिच्याखालची चरबी, मग काही जणांत स्नायू आणि हाडही. दोन ते वीस वर्षं हे चालतं आणि मग आपण होऊन थांबतं. मुलींमध्ये जास्त दिसतं. कपाळावर उभी, तलवारीच्या वाराच्या व्रणासारखी खाच पडणारा त्वचेचा एक आजार याचा जवळचा नातेवाईक आहे, आणि दोघांमध्येही प्रतिकारशक्तीचा हात असावा असं बरेच पुरावे सुचवतात. यातल्या काहींना फिट येतात आणि मेंदूतले बदल सहसा खंगलेल्या बाजूलाच दिसतात. पण त्वचेचा आणि मेंदूचा आजार बरोबरीने वाढतात असं नाही. चेहरा थोडासाच बदललेला आणि फिट आवरता आवरत नाहीत, अशा व्यक्तीही असतात.

तान्ह्या वयात अर्ध्या मेंदूला इजा झाली तर काय होतं, ते डाइक, डेव्हिडॉफ आणि मॅसन यांनी 1933 मध्ये दाखवलं. वाढता मेंदू आतून दाब देतो, म्हणून कवटी वाढते. अर्धा मेंदू खुरटला की त्या बाजूची कवटी आतल्या अंगाने जाड होते आणि कपाळाच्या हाडातली हवेची पोकळी मोठी होऊन रिकामी जागा भरते. याच्या उलट टोकाला अर्धा मेंदूच अवाढव्य वाढलेला असतो, आणि काही मुलांत त्याच बाजूचा गालही. त्यामागचे जनुकीय बदल 2012 मध्ये सापडले. तेही असेच, शरीराच्या काही पेशींपुरते.

ही सगळी टोकाची उदाहरणं झाली. साध्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या फरकाचं काय? चेहऱ्यावरून मेंदूचा अंदाज बांधता येतो ही कल्पना विल्यम डीमायर आणि सहकाऱ्यांनी 1964 मध्ये मांडली होती, पण ती चेहऱ्याच्या मध्यभागातल्या मोठ्या दोषांपुरती. लंडनमधल्या संशोधकांनी अलीकडे त्रिमितीय छायाचित्रांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अपस्माराच्या 378 रुग्णांचे आणि 205 निरोगी व्यक्तींचे चेहरे संगणकाने मोजले. मेंदूच्या एकाच बाजूला स्पष्ट बिघाड असलेल्या रुग्णांच्या गटात चेहऱ्याची असमानता निरोगी लोकांपेक्षा जास्त निघाली.

मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त आवडतो, कारण तो गैरसोयीचा आहे. चेहरा जितका असमान तितका मेंदूचा पृष्ठभागही असमान असेल, असं आपल्याला वाटतं. तसं निघालं नाही. दोन्हींचा मेळ बसला नाही. संशोधकांचा अंदाज असा, की आयुष्याच्या अगदी सुरुवातीला एका बाजूची जडणघडण विस्कटते, त्याचा ठसा चेहऱ्याच्या वाढीवर उमटतो आणि पुढे मेंदू आपापल्या मार्गाने बदलत जातो. हा अंदाज आहे, अजून सिद्ध झालेला नाही. आणि हे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. उद्या कुणी 'सेल्फी काढा, अपस्मार ओळखा' असं ॲप काढलं तर ते मोबाइलमध्ये घेऊ नका.

गाडी उलट्या दिशेनेही जाते, हे बरेच जण विसरतात. फिट हेच चेहरा बिघडण्याचं कारण असू शकतं. माणूस तोंडावर आपटतो, दात जातात, गालाचं हाड दबतं. कानापुढे असणारा जबड्याचा सांधा लहानपणी मोडला तर त्या बाजूचा जबडा कमी वाढतो आणि हनुवटी मोडलेल्या बाजूकडे सरकते. वीस वर्षांनी असा चेहरा बघून 'जन्मतः असावं' म्हणणं सोपं असतं. फेनिटॉइनसारख्या जुन्या औषधाने हिरड्या फुगतात, चेहरा राठ होतो, पण ते दोन्ही बाजूंना सारखंच.

म्हणून माझ्याकडे येताना जुने फोटो आणा. बाळपणीचा, शाळेतला, लग्नातला, आणि हसतानाचे तर नक्कीच. फरक कधी सुरू झाला, याचं उत्तर त्या फोटोंमध्ये एमआरआयपेक्षा लवकर मिळतं. फिट येत असताना कुणीतरी मोबाइलवर चेहऱ्याचं चित्रण करावं, पण आधी माणसाला कुशीवर वळवून आणि आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करून. तोंडात काही घालू नये. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर चित्रण सोडून रुग्णवाहिका बोलवावी.

मघाशी चिठ्ठीवर एक प्रश्न आला आहे : 'फिट बंद झाल्या की चेहरा सरळ होतो का?' कशामुळे वाकडा आहे, त्यावर अवलंबून. फिटनंतरची तात्पुरती कमजोरी पूर्ण जाते. एलजीआय1चे झटके उपचारांनी थांबले की चेहरा ओढला जाणंही थांबतं. रुंद झालेला गाल, बारीक झालेली बाजू, सरकलेली हनुवटी ही मात्र फिटच्या गोळ्यांनी बदलत नाही. लाल डागावर लेझरचे उपचार आहेत, ते तान्हेपणी सुरू केले तर जास्त गुण येतो. पॅरी-रोम्बर्गमध्ये आजार चालू असेपर्यंत मेथोट्रेक्सेटसारखी, प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं देतात. तो शांत झाल्यावर प्लास्टिक सर्जन पोटाची किंवा मांडीची चरबी काढून गालात भरतात. त्यातली काही चरबी शरीर शोषून घेतं, म्हणून ही शस्त्रक्रिया एकापेक्षा जास्त वेळा करावी लागू शकते.